नऊ लाल फिती

कुठलंही काम कागदावर क्रमवार उतरवलं की निम्मं होतं, आणि उतरवणारी मी असेन तर पूर्णच होतं, असं मी गेली एकवीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही बाटलीची चिठ्ठी आजवर चुकलेली नाही. त्यामुळे बाबांच्या गाडीचा टर्बो बदलायची वेळ आली तेव्हा मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "बाबा, हे काम यादीनं करू. चुकायला जागाच उरणार नाही!"

जागा उरली. बरोबर आठ मिलिमीटर उरली.

आधी गाडीविषयी सांगते. बाबा हौशी लोकांच्या घाटशर्यतीत गाडी चालवतात. एकेक गाडी पायथ्यावरून सुटते, चार किलोमीटर चढून माथ्यावर पोचते, आणि वरचा माणूस वहीत वेळ लिहितो. दहा मिनिटांत वर न पोचलेल्या गाडीपुढे तो ‘अपूर्ण’ असं लिहितो. कप नाही, हार नाही, टाळ्या वाजवणारेही बहुतेक एकमेकांचे नातेवाईकच. बाबांची सर्वांत चांगली वेळ तीन मिनिटं बारा पूर्णांक चार सेकंद. ही वेळ मला पाठ आहे, कारण ती आमच्या गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला आईनं पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे. अशा सत्तावीस ओळी आहेत. सत्तावीस वर्षं आई पायथ्याशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची आणि घरी आल्यावर चहाच्या आधी दारावर वेळ लिहायची.

आई जाऊन अडीच वर्षं झाली. त्यानंतरच्या दोन शर्यतींना बाबा गेले नाहीत. घरात आम्ही दोघं. जेवताना पाण्याच्या भांड्याचा आवाज तेवढा व्हायचा. आणि एका रविवारी सकाळी ते उठले, गॅरेजचं दार उघडलं आणि गाडी सुरू केली. गाडीनं आधी शिट्टी मारली, मग खोकली, आणि मग एवढा निळा धूर सोडला की समोरच्या बिऱ्हाडानं वाळत घातलेले कपडे आत घेतले!

"टर्बो गेला," बाबा म्हणाले.

टर्बो म्हणजे एक लहानसा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याच्यामुळे गाडी पळते. बाबांनी त्याचा दांडा बोटानं हलवून ‘गेला’ म्हटलं होतं. मी प्रयोगशाळेतून मोजणीचं डायल आणून, चुंबकी पायावर बसवून, दहा वेळा वाचन घेऊन, सरासरी काढून सव्वा तासानं म्हटलं, "बाबा, गेला आहे!"

"बरं झालं कळलं," बाबा म्हणाले.

शर्यतीला तेवीस दिवस होते. आणि एक गोष्ट बाबांनी मला सांगितली नाही, ती मी त्यांच्या परवान्यावर वाचली. सत्तरी पूर्ण झालेल्याला शर्यतीत गाडी चालवता येत नाही. बाबांचा सत्तरावा वाढदिवस शर्यतीनंतर एकोणीस दिवसांनी होता. म्हणजे दारावर आता एकच ओळ यायची होती. त्यापुढे दार कोरं.

मी त्याच दिवशी यादी केली. चौसष्ट कलमं, प्रत्येकापुढे दोन चौकोन: एक काम करणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. बाबांनी ती लांब धरून वाचली.

"यात ‘हात पुसणे’ तीन वेळा आलंय."

"तीन वेळा पुसायचे आहेत."

"मी हा टर्बो आधी दोनदा बदललाय. कागदाशिवाय."

"आणि दोन्ही वेळा एक-एक नट उरला होता, आईनं मला सांगितलंय!"

आईचं नाव निघालं की बाबा वाद सोडून देतात. त्यांनी यादी भिंतीला लावली आणि पाना उचलला.

इथे आत्याची ओळख करून द्यायला हवी. बाबांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली. आवाज अजून मैदानाच्या मापाचा. ती रोज संध्याकाळी यायची, उलट्या खोक्यावर बसायची आणि आम्हाला धीर द्यायची.

"अरे, या वयात कशाला हे? पडशील कुठे दरीत."

"दरी उजवीकडे आहे, ताई. मी डावीकडून जातो."

"आणि ही पोरगी तुला मदत करणार? हिच्या गाडीत बसलं की मला वाटतं आपण पार्क केलेलो आहोत!"

मी वेगमर्यादा पाळते. घाटात जरा जास्त पाळते. पण हा मुद्दा पुढे येईल.

जुना टर्बो काढायला नऊ दिवस लागले. त्यातले चार एका नटात गेले. तो नट अशा जागी होता की पाना बसला तर फिरत नसे आणि फिरला तर बसलेला नसे. बाबा त्याला तेल पाजत, मी तापमान लिहून ठेवत असे, आणि आत्या खोक्यावरून म्हणे, "सोडा आता! हा तुमच्यापेक्षा हट्टी आहे." पाचव्या दिवशी तो आपोआप सुटला. कोणी हातही लावला नव्हता. यादीत त्याच्यासाठी चौकोन नव्हता, म्हणून मी समासात टीप लिहिली.

टर्बो निघाला की नऊ तोंडं उघडी पडतात: तेलाची, पाण्याची, हवेची, धुराची. या तोंडांतून एक कण जरी आत गेला तरी नवा टर्बो मिनिटात खलास. बाबा आजवर तिथे जुन्या बनियनचे बोळे कोंबत असत. मला ते पाहवेना! प्रयोगशाळेत टाकाऊ रबरी बुचांचा एक खण आहे. त्यातून मी मापं घेऊन नऊ बुचं निवडली. नववं सर्वांत मोठं, हवेच्या पाइपाचं. त्या मापाचं एकच मिळालं आणि त्याच्या मध्यभागी काचेची नळी घालायला आठ मिलिमीटरचं भोक होतं. एवढ्याशा भोकातून धूळ ती कितीशी जाणार, म्हणून मी तेच घेतलं.

हे नववं तोंड हेडलाइटच्या मागे, एका कोपऱ्यात खाली आहे. तिथे हात जातो, डोकं जात नाही. बाबांचा तर खांदा आखडल्यापासून हातही जात नाही. मी बोटांनी चाचपून बूच आत दाबलं. कडेच्या आत अर्धा सेंटिमीटर गेलं. उत्तम बसलं! बुचं बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आणि कुठलंही बूच विसरू नये म्हणून प्रत्येकाला मी एक हातभर लांब लाल फीत बांधली, एक ते नऊ आकडे घालून. बूच निघालं की फीत दाराजवळच्या खिळ्याला. खिळ्यावर नऊ फिती झाल्या की सगळी बुचं बाहेर. सोपं, स्वच्छ, शास्त्रीय!

"गाडी शर्यतीला चाललीय की हळदीकुंकवाला?" आत्यानं विचारलं.

पुढचा आठवडा प्रयोगशाळेत कामाचा डोंगर होता. दिवसा बाबा एकटे काम करायचे, संध्याकाळी मी येऊन तपासायची. नवा टर्बो बसला. सांध्यांतली गॅस्केटं बसली. तेलाची नळी जोडायच्या आधी बाबांनी टर्बोत चमचाभर तेल ओतून पंखा बोटानं फिरवला, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा मला बरा वाटला. गुरुवारी संध्याकाळी मी आले तेव्हा खिळ्यावर फिती होत्या. मी मोजल्या. एक, दोन, तीन... नऊ. पुन्हा मोजल्या. नऊ.

"आता फक्त फिल्टर राहिलाय," बाबा म्हणाले. "तिथे तुझाच हात जातो. बाकी सगळं बघितलंस ना?"

"नऊ!" मी म्हटलं.

"छान," बाबा म्हणाले.

मी हेडलाइटच्या मागे हात घातला, हवेचा फिल्टर पाइपाच्या तोंडावर टोपीसारखा चढवला, क्लिप आवळली. कलम अठ्ठावन्न. दोन्ही चौकोनांत मीच खूण केली.

शुक्रवारी गाडी सुरू केली. थोडा धूर आला, तो यायचाच होता. मग इंजिन असं गुरगुरायला लागलं जसं मांजर उन्हात. बाबांचा पाय उचलला गेला, ॲक्सिलरेटरवर यायला.

"बाबा, नाही! कलम त्रेसष्ट! नवा टर्बो आहे, वीस मिनिटं नुसता चालू ठेवायचा, रेस करायचा नाही!"

"जरा बघतो तरी."

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी पाय मागे घेतला. वीस मिनिटं आम्ही तिघं गॅरेजात उभे राहून इंजिन ऐकत होतो. शेवटी आत्या हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या तीनच घरांना ऐकू जाईल एवढ्या, म्हणाली, "ती असती तर दाराला टेकून उभी असती." बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मी कलम चौसष्टवर खूण केली.

शर्यतीचा दिवस उजाडला तो धुक्यात. आत्याच्या जीपमागे ट्रॉलीवर गाडी बांधून आम्ही पायथ्याशी पोचलो, तर समोर डोंगर नव्हताच! एक राखाडी भिंत होती आणि तिच्यात शिरणारा रस्ता. सरावाच्या फेऱ्या रद्द झाल्या. दुपारी धुकं जरा विरळ झालं तसं भोंगेवाल्यानं जाहीर केलं, "प्रत्येकाला एकच फेरी मिळेल."

एकच. मला बरं वाटलं! सरावात गाड्या उगाच झिजतात, असं मी बाबांना म्हटलंही. ते हेल्मेट घालत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं.

आईचं स्टॉपवॉच आत्याकडे दिलं होतं. ते माझ्याकडे असतं तर मी त्याची अचूकता तपासत बसले असते, असं बाबांचं मत. आत्यानं ते दोन्ही हातांत धरलं होतं, जसं कोणी पक्ष्याचं पिल्लू धरावं. बाबांची गाडी रेघेवर आली. काच अर्धी खाली होती.

"येतो," बाबा म्हणाले.

"डावीकडून!" आत्या म्हणाली.

झेंडा पडला.

बाबांच्या आधीच्या गाड्या झेंडा पडताच दगड मारल्यासारख्या सुटल्या होत्या. बाबांची गाडी निघाली जशी कोणी रिकामी पिशवी घेऊन कोपऱ्यावर भाजी आणायला निघावं. इंजिनाचा आवाज मात्र मोठा होता. दम लागलेल्या माणसाचा असतो तसा, आत ओढलेला. गाडी पहिल्या वळणापर्यंत गेली. वळण घेतलं म्हणण्यापेक्षा वळणानं तिला ओढून घेतलं. मग धुकं.

"गिअर चुकला असेल," मी म्हटलं.

"अठ्ठाविसाव्या शर्यतीत?" आत्या म्हणाली.

एक मिनिट. दोन मिनिटं. तीन मिनिटं बारा पूर्णांक चार सेकंद आली आणि गेली. झेंडेवाल्यानं वायरलेस कानाला लावला. भोंगेवाला म्हणाला, "गाडी क्रमांक चौदा... चालू आहे." थोड्या वेळानं, "गाडी क्रमांक चौदा अजूनही चालू आहे." मग त्याच्याकडचे शब्द संपले असावेत, कारण त्यानं हवामान सांगायला सुरुवात केली.

"दुसऱ्या टप्प्यावरून कळवतायत, निळा धूर आहे," झेंडेवाला आम्हाला म्हणाला. "थांबवू का त्यांना? बाजूला घेतील."

माझं डोकं भराभर चालत होतं. तेल? येत होतं. गॅस्केट? तपासलं होतं. "थांबवा," मी म्हणणार होते. नवा टर्बो जाईल, इंजिन जाईल. शास्त्रीय सल्ला तोच होता.

"खबरदार!" आत्या ओरडली. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन ड्रायव्हरांनी आपापली इंजिनं बंद केली. "तो थांबला तर वहीत काय लिहिणार? अपूर्ण? याच्यानंतर त्याला फेरी नाही! धूर येऊ दे, आग येऊ दे, तो वर जाणार!"

झेंडेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या," मी म्हटलं. हे कुठल्याच यादीत नव्हतं.

सात मिनिटं. आठ. भोंगेवाला म्हणाला, "शेवटून दुसऱ्या वळणावर आमचा एक स्वयंसेवक गाडीबरोबर पळत आहे." मग, "स्वयंसेवक पुढे गेला आहे." कोणीतरी हसलं. आत्यानं मान वळवून पाहिलं, आणि ते हसू तिथेच वाळलं.

नऊ मिनिटं. आत्याचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता. नऊ तीस. नऊ चाळीस. माझ्या लक्षात आलं की मी श्वास घेत नाही आहे, आणि नेमकं तेव्हा मला कशाची तरी अस्पष्ट आठवण झाली, पण काय ते समजेना.

"पोचली!" वायरलेसवर आवाज आला.

आत्यानं बटण दाबलं. नऊ मिनिटं बावन्न पूर्णांक सहा. ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पदरानं घड्याळ पुसलं. घड्याळ कोरडंच होतं.

शर्यत संपून रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही जीपनं वर गेलो. बाबा कठड्यावर बसले होते. हेल्मेट मांडीवर, गाडीचं बॉनेट उघडं.

"लिहिलं ना त्यानं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"लिहिलं," आत्या म्हणाली. "सात सेकंद राखून."

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. "तेल येतंय, पाइप घट्ट आहेत, टर्बो फिरतोय. तिला श्वास घेता येत नाहीये. तिथे हात घाल जरा."

मी क्लिप सैल केली. फिल्टर ओढून काढला. पाइपाच्या तोंडात बोट घातलं. रबराचा स्पर्श मी डोळे मिटूनही ओळखते. एकवीस वर्षांची नोकरी आहे!

"काय आहे?"

"बूच."

"कितवं?"

"नववं."

आत्यानं कपाळावर हात मारला. तो आवाज दरीतून परत आला.

"फिती तर नऊ होत्या, बाबा! मी दोनदा मोजल्या!"

"फिती मी कापल्या," बाबा म्हणाले. "बुधवारी. खाली वाकलं की डोळ्यांत जायच्या. सगळ्या एकदम कापल्या आणि खिळ्याला लावल्या. तुला हव्या असतील म्हणून."

"आणि बुचं?"

"पाइप जोडताना एकेक काढलं. आठ. नववं तुझ्या हाताचं होतं. तू ‘नऊ’ म्हणालीस, मला वाटलं काढलंस."

मी बूच ओढून काढलं. हवेच्या ओढीनं ते आणखी आत रुतून बसलं होतं, दोन वेळा हात सटकला. आठ मिलिमीटरच्या भोकातून किती हवा जाऊ शकते, हे मला कागदाशिवाय काढता येतं. एका स्कूटरला पुरेल एवढी. बाबा आपल्या शेवटच्या शर्यतीत स्कूटरच्या हवेवर घाट चढले होते. ते बूच मी बसवलं होतं, ती टोपी मी चढवली होती, आणि गॅरेजात त्यांना ॲक्सिलरेटर दाबू दिला असता तर तिथेच कळलं असतं, तो पायही मीच अडवला होता. काहीतरी बरं बोलायला हवं होतं.

"निदान," मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घाट नीट पाहायला तरी मिळाला असेल, बाबा."

बाबांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "धुकं होतं."

परतीच्या वाटेवर वायपरचा आवाज तेवढा होता. बूच माझ्या मांडीवर होतं. कुठे ठेवावं ते सुचत नव्हतं. तासाभरानं बाबा एकदाच बोलले. "टर्बो बाकी चांगला बसलाय. वापरलाच नाही म्हण ना."

घरी पोचल्यावर बाबांनी गॅरेजचं दार आतून लावलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. आईची शेवटची ओळ माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. तिच्याखाली मी लिहिलं: ९ मि. ५२.६ से. पुढे कारण लिहावं असं मला फार वाटत होतं, पण बाबांनी पेन्सिल काढून घेतली. मग ते त्या ओळीखाली थोडे वाकले, एकोणतीस असा आकडा घातला आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

"बाबा, तुम्हाला तर आता..."

"वयाची अट ड्रायव्हरला आहे. गाडीला नाही." त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "बुचं तुला कळतात. आता हवाही कळेल."

"हिला?" आत्या खोक्यावर बसत म्हणाली. "अरे, ही बूच न लावताही तेवढाच वेळ घेईल!"

बाबांचे खांदे हलले. ते हसत होते की खोकत होते, हे मी तपासलं नाही.

पण घरात जाऊन कागद घेऊन बसले. चार किलोमीटर अंतर, घाटातला माझा नेहमीचा वेग, वळणांसाठी थोडी सूट. तीन वेळा आकडेमोड केली. आत्याचं म्हणणं चुकीचं आहे. उत्तर दहा मिनिटं चार सेकंद येतं.

म्हणजे माझ्यापुढे वहीत ‘अपूर्ण’च!